झोपलेल्या गोगलगायीला ऐकू येतं का?

आबांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं सोमवारी कळलं आणि त्याच आठवड्यात त्यांना आयुष्यातला पहिला पुरस्कार मिळाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं आबा बरेच दिवस म्हणत होते.

आबा म्हणजे माझे आजोबा, डॉ. सदानंद कणसे. वय एक्क्याऐंशी, मुक्काम सातारा, विषय जमिनीवरच्या गोगलगायी. चाळीस वर्षं ते सह्याद्रीच्या सड्यांवर, उघड्या कातळावर पालथे पडून गोगलगायींकडे बघत होते आणि तेवढी वर्षं त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. त्याआधीचा त्यांचा एकमेव सार्वजनिक मान म्हणजे सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेचं परीक्षकपद. तेही ठरलेल्या परीक्षकबाईंना ताप आला म्हणून.

बातमी फुटली आजीकडून. तिने फक्त भिशीच्या बायकांना सांगितलं, तेही कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घालून. साताऱ्यात बातमी वर्तमानपत्रात छापली तर लोकांपर्यंत पोचायला वेळ लागतो. शपथ घालून सांगितली तर संध्याकाळपर्यंत कऱ्हाड ओलांडते.

मग फोन सुरू झाले. पुरस्कार देणाऱ्या संस्थांची एक अडचण असते. पुरस्कार मरणोत्तर देता येत नाही आणि मानकऱ्याने स्वतः हजर राहावं लागतं, असं त्यांच्या घटनेत असतं. त्यामुळे ही मंडळी फार जपून बोलतात.

"कणसे सरांना पुढच्या महिन्यात वेळ आहे का?"

"आहे की," मी म्हणायचे.

"नाही, म्हणजे... वेळ आहे ना?"

"डॉक्टर म्हणतात आहे."

"मग आम्ही याच महिन्यात ठेवतो. धावपळ नको."

बघता बघता घर शालींनी भरलं. सोफ्यावर शाली, पलंगावर शाली, वॉशिंग मशीनवर शाल, दोन शाली खिडकीला पडदा म्हणून. नारळांचं तर काही विचारू नका. आजीने बर्फी केली, चटणी केली, सोलकढी केली, शेवटी शेजाऱ्यांना वाटायला लागली. शेजारी दार उघडेनासे झाले. आमचा फ्रिज बोलतो, आणि त्याची वाक्यं मीच लिहिलेली आहेत, कारण घरगुती यंत्रांचे संवाद लिहिणं हीच माझी नोकरी. पण त्या महिन्यात फ्रिजने स्वतःहून, मी कधीही न लिहिलेलं एक वाक्य उच्चारलं: "नारळ पुरे."

आबा मात्र फुलले होते. ते रोज दाढी करायला लागले. बाजार समितीने तर त्यांना 'गोगलगाय-निर्मूलन महर्षी' असं मानपत्र दिलं. सोयाबीन फस्त करणाऱ्या गोगलगायी मारण्याचा उपाय कणसे सरांनी शोधला, असा समितीचा समज होता. ज्या माणसाने जन्मात एक गोगलगाय मारली नाही, चुकून पाय पडू नये म्हणून जो पावसाळाभर अंगणात टॉर्च घेऊन चालतो, तो माणूस ते मानपत्र छातीशी धरून हसत उभा होता.

"आबा, त्यांना सांगायचं नाही का?"

"इरा, एवढी माणसं टाळ्या वाजवत होती. मध्येच कसं अडवणार?"

आता आजाराचं. आबांच्या गाठीवर उपाय होता, हे या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि घरात ते फक्त आबाच विसरत होते.

डॉ. नफीसा मुल्ला यांनी आम्हाला तो नीट समजावून सांगितला होता. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून घ्यायच्या, त्यांना ही गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. त्या जाऊन गाठ खातात. अडचण एवढीच की म्हाताऱ्या शरीरात त्या फार सावकाश खातात आणि गाठ त्याहून भरभर वाढते. म्हणून रुग्णाला मंदनिद्रेत घालायचं. थंडीत अस्वलं, खारी जशा झोपतात तशी झोप. शरीर गार होतं, हृदय अगदी अधूनमधून ठोका देतं, सगळा कारभार मंदावतो, आणि त्याबरोबर गाठसुद्धा. शिकवलेल्या पेशी तेवढ्या थंडीतही काम करतील अशा बनवलेल्या असतात.

"सगळं शहर बंद," डॉ. मुल्ला म्हणाल्या, "आणि फक्त सफाई कामगार रस्त्यावर. वर्ष-सव्वा वर्षात गाव स्वच्छ."

दोन अटी होत्या. पहिली, गाठ शेजारच्या मोठ्या धमनीला चिकटायच्या आत झोपायला हवं. एकदा चिकटली की पेशी गाठीबरोबर धमनीही कुरतडणार, मग काही करता येत नाही. दुसरी अट चमत्कारिक होती. मंदनिद्रेचं औषध तेव्हाच लागू पडतं, जेव्हा मेंदू आपणहून संथ लयीत गेलेला असतो. भुलीचं इंजेक्शन चालत नाही, दोन औषधांची मारामारी होते. माणसाने आधी स्वतःच शांत व्हावं लागतं.

"आतून दार लावून घ्यावं लागतं," डॉक्टर म्हणाल्या.

हे ऐकल्यावर आबा खुर्चीत पुढे सरकले. दार हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता.

गोगलगाय उन्हाळ्यात शंखात शिरते आणि स्वतःच्या चिकट स्रावाने तोंडाशी एक पातळ पापुद्रा तयार करते. तो वाळला की झालं दार. आत ती पावसापर्यंत झोपून राहते. आबांचं म्हणणं, हे दार असलं तरी तिला बाहेरचं कळत असतं. जमिनीची थरथर त्या पापुद्र्यातून तिच्यापर्यंत पोचते. ढग गडगडले तर ती आत सावरून बसते, ट्रक गेला तर ढिम्म हलत नाही. झोपलेली असली तरी ती ऐकत असते. यावर त्यांनी एक लेख लिहिला. तो नामवंत नियतकालिकाने परत पाठवला. नंतर एका परिषदेत आबा हेच सांगायला उभे राहिले, तेव्हा पहिल्या रांगेतून डॉ. श्रीनिवास खांबेटे म्हणाले, "कणसे, दार बंद म्हणजे दुकान बंद." सगळं सभागृह हसलं.

खांबेटे हे आबांचे कॉलेजपासूनचे मित्र. सड्यावरचे पहिले उन्हाळे दोघांनी बरोबर काढलेले. पुढे खांबेट्यांनी पाठ्यपुस्तकं लिहिली, कुलगुरू झाले, टीव्हीवर दिसू लागले. त्या परिषदेनंतर दर दिवाळीला एकमेकांना शुभेच्छा न देण्याची प्रथा दोघांनी कटाक्षाने पाळली.

तर आबा झोपायला तयार होते. फक्त आधी वाईचा सत्कार होता. मग कऱ्हाडचा. मग फलटणचा. आणि त्यात राज्य सृष्टिविज्ञान परिषदेचा जीवनगौरव जाहीर झाला. समारंभ दोन महिन्यांनी. अध्यक्ष, डॉ. श्रीनिवास खांबेटे.

डॉ. मुल्लांनी नवा स्कॅन पडद्यावर लावला. गाठ आणि धमनी यांच्यामध्ये भाताच्या शिताएवढी जागा उरली होती.

"या आठवड्यात, सर. पुढच्या आठवड्याची खात्री मी देत नाही."

"समारंभानंतर लगेच येतो," आबा म्हणाले.

"समारंभानंतर येऊन उपयोग नाही."

"अहो, ऐका की त्यांचं!" आजी म्हणाली. "आणखी एक शाल मिळाली नाही तर काय थंडी वाजणारे?"

"शाल नकोय मला." आबांचा आवाज जरा चढला. "नारळ नको, मानपत्र नको. बाकीची माणसं मी मरणार म्हणून आली, ते काय मला कळत नाही? पण खांबेटे अध्यक्ष आहे. त्याला उठून बोलावं लागेल. चारचौघांत, माझ्याबद्दल. ते ऐकायचंय मला. मग झोपवा नाहीतर पुरा."

आजीने पदराला हात पुसले, जरी ते ओले नव्हते.

मी खांबेट्यांकडे जायचं ठरवलं.

ते पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतात. लिफ्टचे संवाद माझेच होते. "दार बंद होत आहे. मन मोकळं ठेवा," लिफ्ट म्हणाली. हे वाक्य लिहिलं तेव्हा मला पगारवाढ मिळाली होती. त्या दिवशी ऐकून लाज वाटली.

दार खांबेट्यांनीच उघडलं. चौऱ्याऐंशीचे, उंच, वाकलेले, अंगात हातविणीचा स्वेटर. दाराशी खुंटीला एक जुनी काळी छत्री टांगलेली होती, उन्हाने तांबूस झालेली.

"कणशाची नात ना तू? नाक त्याचंच आहे. ये. कसा आहे तो?"

"मजेत. मरतायत."

"हं." त्यांनी मला बसायला खुर्ची दाखवली. टेबलावर कागदांचा जाडजूड गठ्ठा होता.

"भाषण?"

"भाषण."

"यात आबांबद्दल काय आहे?"

"यात मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासाचा साद्यंत इतिहास आहे."

"आणि आबा?"

"तळटीपेत आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. गाठ, धमनी, भाताचं शीत, आणि आबा कशासाठी थांबलेत ते.

"काय ऐकायचंय त्याला माझ्याकडून?"

"की ते बरोबर होते."

"पण तो बरोबर नव्हता. दार बंद म्हणजे—"

"दुकान बंद. माहितीये. आमच्या घरी ते वाक्य शिवीसारखं वापरतात."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते खिडकीपाशी गेले.

"मी खोटं बोलणार नाही, बाळ. तो मरत असला तरी. त्यालासुद्धा ते आवडणार नाही."

"खोटं नका बोलू. खरं असेल तेवढंच बोला. फक्त दोन महिन्यांनी नको, या रविवारी. आणि हॉस्पिटलात."

"परिषदेच्या घटनेप्रमाणे समारंभपूर्वक व्हायला हवं. व्यासपीठ लागतं. दीपप्रज्वलन लागतं."

"आमच्याकडे अतिदक्षता विभाग आहे."

त्यांनी गठ्ठा उचलून पिशवीत घातला. "पूर्ण वाचणार मी. काटछाट करणार नाही."

रविवारी अतिदक्षता विभागात राज्य सृष्टिविज्ञान परिषदेचा समारंभ झाला. ऑक्सिजन असल्यामुळे ज्योत पेटवायला मनाई होती, म्हणून परिषदेच्या कार्यवाहांनी भिंतीवरचं बटण दाबून ट्यूबलाइट लावली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आबा मंदनिद्रेच्या पेटीत पडले होते. पेटी म्हणजे काचेच्या झाकणाचा, पाण्याने भरलेल्या गादीचा पाळणा समजा. कार्यवाहांनी त्यांच्या अंगावर शाल घातली तशी पेटी केकाटायला लागली, कारण शरीराचं तापमान वाढलं. शाल काढली. नारळ पायाशी ठेवला. मेंदूतली बारीक वीज पेटी मोजत असल्याने सगळे फोन बाहेर ठेवायला लावले होते. त्यामुळे फोटो नाही, चित्रीकरण नाही. कार्यवाहांच्या चेहऱ्यावरून हा सत्कार झालाच नाही असं वाटत होतं.

पडद्यावर आबांच्या मेंदूची हिरवी रेघ दिसत होती. ती संथ, लांब लाटांची व्हायला हवी होती. ती शिलाई मशीनसारखी धावत होती.

"सर, शांत व्हा," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "एक ते शंभर मोजा."

"मोजले. तो कधी बोलणारे?"

"पाऊस आठवा. समुद्र आठवा."

"मला खांबेटे आठवतोय."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "असं नाही जमणार. आज लय लागली नाही तर मी औषध देऊ शकत नाही. आणि उद्याचं मला माहीत नाही."

तेवढ्यात कार्यवाहांनी प्रास्ताविक सुरू केलं. परिषदेची स्थापना, परिषदेचे हितचिंतक, हितचिंतकांच्या सौभाग्यवती. माझं लक्ष पडद्याकडे गेलं. रेघ जराशी सैलावली होती.

डॉ. मुल्लांनीही ते पाहिलं. त्या कार्यवाहांजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "चालू ठेवा. आणखी हितचिंतक असतील तर तेही घ्या."

कार्यवाहांना हे आजवर कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी उपसमित्याही घेतल्या. मग खांबेटे उठले, चष्मा लावला, गठ्ठा उघडला आणि मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासाचा साद्यंत इतिहास वाचू लागले. एका सुरात, मान वर न करता, प्रत्येक व्याख्येच्या आधी तिची पूर्वव्याख्या देत. रेघेच्या लाटा लांबल्या. आजी स्टुलावर पेंगायला लागली. एक नर्स भिंतीला टेकली.

आबा मात्र झगडत होते. डोळे मिटत होते आणि ते जोर करून उघडत होते. "मुद्द्यावर ये, खांबेट्या," ते पुटपुटले.

"शंखांचे वर्गीकरण तीन प्रकारे करता येते," खांबेटे म्हणाले.

"माझ्याबद्दल... काय..."

"पहिल्या प्रकारचे पुन्हा चार उपप्रकार."

तिसऱ्या उपप्रकाराला आबा झोपले. डॉ. मुल्लांनी औषध सोडलं. रेघ सपाट मैदानासारखी झाली, मध्ये कुठेतरी एखादी टेकडी. काचेचं झाकण खाली आलं. मी पहिल्यांदा श्वास सोडला, आणि लगेच लक्षात आलं. ज्यासाठी तो माणूस जिवावर उदार झाला होता, ते त्याने ऐकलंच नव्हतं.

खांबेट्यांनी वाचणं थांबवलं. "झोपला?"

"हो, सर. खूप आभारी आहोत," डॉ. मुल्ला म्हणाल्या.

"नक्की? काही ऐकू येत नाही त्याला?"

"या अवस्थेत मेंदूपर्यंत काही पोचत नाही, असंच आजवर दिसलंय."

"बरं." त्यांनी कागद पिशवीत घातले, चष्मा काढला आणि पेटीवर वाकले.

"कणशा, तुझा लेख मी परत पाठवला. परीक्षक मीच होतो. 'पुरावा अपुरा' असं लिहिलं. पुरावा भरपूर होता. माझ्या डोक्यात बसत नव्हता. तू म्हणत होतास ते मला आजही पटत नाही, पण तो लेख छापायला हवा होता. मग भांडायला हवं होतं. मी भांडलो नाही, मी हसवलं लोकांना." ते थांबले. "तू सड्यावर पालथा पडून बघायचास आणि मी तुझ्या डोक्यावर छत्री धरून उभा राहायचो. कुलगुरू झालो, पुस्तकं लिहिली. पण विज्ञानात माझ्या हातून एकच चांगलं काम झालं. ती छत्री."

त्या शब्दाला पडद्यावरची रेघ टुणकन उडाली. मी डॉ. मुल्लांकडे पाहिलं.

"बाहेर लिफ्ट आली असेल," त्या म्हणाल्या. "तिच्या मोटरने होतं असं कधीकधी."

"त्याला सांगायचं नाही कुणी," खांबेटे आम्हाला म्हणाले. "म्हणायचं, भाषण संपलं आणि मी घरी गेलो." नर्सला जाग आली आणि तिने टाळ्या वाजवल्या.

आबा वर्षभर झोपले. वर्ष चांगलं गेलं. आजी रोज दुपारी जाऊन त्यांच्याशी बोलायची. भाजीचे भाव, भिशीतली भांडणं, सगळं. झोपलेल्या माणसाबरोबर संसार सोपा असतो, असं तिचं मत झालं. परिषदेच्या वार्षिक अहवालात आबांच्या नावामागे 'कै.' छापून आलं. मी फोन केला तर कार्यवाह म्हणाले, "माफ करा, सवयीने पडलं. आमच्या जीवनगौरवाच्या यादीत सहसा चुकत नाही." पुढे जेव्हा गाठ नाहीशी होत असल्याचं कळलं, तेव्हा फलटणच्या संस्थेने विचारलं की सर बरे झाले तर त्यांना पुढच्या वर्षीच्या मानकऱ्याची निवड करायला बोलावता येईल का. मी म्हटलं, येईल, ते रांगोळीसुद्धा तपासतात.

जागं करायच्या दिवशी आम्ही सगळे पेटीभोवती होतो. स्कॅन स्वच्छ होता. डॉ. मुल्ला पाण्याची ऊब हळूहळू वाढवत होत्या. आबांची बोटं हलली, मग पापण्या. आजीने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि काही न बोलता तसाच राहू दिला.

आबांनी ओठ ओले केले. आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खोलीत नजर फिरवली.

"खांबेटे कुठाय?" त्यांचा आवाज दरवाजाच्या कुरकुरीसारखा येत होता. "त्याला म्हणावं, छत्री घेऊन ये."

डॉ. मुल्लांच्या हातून तापमानाचं बटण सुटलं.

खांबेटे दुसऱ्या दिवशी आले, छत्री घेऊन. बाहेर ना ऊन होतं ना पाऊस. आबा उशीला टेकून पेज पीत होते.

"ऐकलंस तू?" खांबेटे दारातूनच म्हणाले.

"सगळं नाही. पुसट. विहिरीत कुणी बोलतंय असं. पण परीक्षक तू होतास हे नीट ऐकलं." आबांनी वाटी खाली ठेवली. "झोपलेला होतो, दार बंद होतं, आणि ऐकलं. आता बोल, दुकान बंद का?"

"नातीने सांगितलं असेल तुला."

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले. "मला धमकी होती तुमची."

"मग हिने." बोट आजीकडे.

"मी झोपले होते," आजी म्हणाली. "तुमच्या दुसऱ्या उपप्रकारापासून."

खांबेटे खुर्चीत बसले. कानापर्यंत लाल झाले होते, पण हार मानायच्या बेतात अजिबात नव्हते. "तरीही. एक नमुना म्हणजे पुरावा नव्हे."

"हेच, हेच म्हणालास तू तेव्हा!"

"तेव्हाही बरोबरच म्हणालो. आणि तू माणूस आहेस, गोगलगाय नाहीस."

"मी गोगलगायीला कान लावून चाळीस वर्षं पडलोय, गाढवा, तू काय मला—"

"सर, तुमचा रक्तदाब," डॉ. मुल्ला म्हणाल्या.

दोघंही खूश दिसत होते. खांबेट्यांनी छत्रीची मूठ चोळली.

"दुसरा नमुना हवा," ते म्हणाले. "मी झोपतो. तू बोल. मग उठून मी सांगतो, ऐकू आलं की नाही."

"निरोगी माणसाला मंदनिद्रा देता येत नाही, सर," डॉ. मुल्ला म्हणाल्या.

"निरोगी? अहो, चौऱ्याऐंशी संपलं मला. शोधलं तर काहीतरी सापडेलच."

शोधलं. हृदयाची एक झडप गळत होती. तिच्यावर नव्या पेशींची पापडी वाढवायची, तर काही आठवडे हृदय जवळजवळ स्वस्थ हवं. खांबेट्यांनी ही बातमी फोनवर आबांना अशी सांगितली की मला वाटलं नातू झाला.

त्यांना झोपवायला काही अडचण आली नाही. त्यांनी स्वतःचंच भाषण वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर झोपी गेले. झाकण बंद झालं, रेघ संथ झाली. आता बोलायची पाळी आबांची.

आबा काठी टेकत पेटीपाशी गेले. आम्ही मागे उभे होतो. बोलायला पुष्कळ होतं. गेलेली वर्षं होती, हसणारं सभागृह होतं, मध्ये न झालेल्या सगळ्या दिवाळ्या होत्या. आबांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मला कळेना काय हवंय. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. खांबेट्यांची छत्री तिथे उभी होती.

मी ती दिली. आबांनी ती खांबेट्यांच्या डोक्याशी धरली आणि उघडली. जुन्या छत्रीचा तो आवाज, फटॅक्.

पडद्यावरची रेघ टुणकन उडाली.

डॉ. मुल्ला पडद्याजवळ गेल्या, मागे आल्या, दाराबाहेर डोकावून आल्या. "लिफ्ट तर आज बंद आहे," त्या म्हणाल्या.

आबा छत्री धरून उभे होते, अगदी नेमकी, सावली खांबेट्यांच्या चेहऱ्यावर पडेल अशी. मी खुर्ची पुढे केली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"अहो, इथे आत कुठलं आलंय ऊन?" आजी म्हणाली.

"हळू बोल," आबा म्हणाले. "तो ऐकतोय."